हसनाबादच्या रानात पुरलेले डबे

जालना जिल्ह्यात मजा म्हणून कुणी जात नाही. मी जालन्याला निघालोय असं सांगितल्यावर चिपळूणच्या आमच्या शेजाऱ्यांनी चेहरा पाडून विचारलं, "कोण आजारी आहे?" कुणी नाही म्हटलं तर त्यांना ते खरं वाटेना. मग मी चिडून सांगितलं की एक किडा बघायला चाललोय. त्यावर त्यांनी आमच्या हिला एकीकडे घेऊन माझ्या तब्येतीची चौकशी केली.

पण मी खोटं बोललो नव्हतो. आमची नीलू तेव्हा तीन वर्षं अमेरिकेत होती आणि एका भुंग्याचा अभ्यास करत होती. भुंगा म्हणजे फुलावर गुणगुणणारा नव्हे. हा जमिनीवर पळणारा, लांबट, काळा, कडेला जांभळी झाक असलेला. त्याचं डोकं अरुंद आणि लांब. ते शंखात घालून तो आतली गोगलगाय खातो. पाठीवरची दोन्ही कवचं एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे त्याला उडता येत नाही. ज्या ओढ्याकाठी जन्मला त्याच ओढ्याकाठी मरतो. त्याला मराठीत नाव नाही, इंग्रजीतही कुणी घरगुती नाव ठेवलेलं नाही, आहे ते फक्त लॅटिनमध्ये. एवढ्या मोठ्या देशात त्याची विचारपूस करणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातली एक आमची. जो किडा ओढा सोडून जात नाही त्याच्यासाठी पोरगी सातासमुद्रापार गेली, याचं मला नेहमी हसू येतं आणि थोडा रागही.

तर एका रविवारी तिचा फोन आला. तिच्याच विभागात मातीचा अभ्यास करणारा विलास नावाचा मुलगा आहे, त्याच्याशी लग्न करायचं म्हणते. मुलगा कुठला? तर जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादचा, शेतकऱ्याच्या घरचा. मला जालना नकाशावर चटकन सापडलं नाही, हे कबूल करतो. आम्ही कोकणातली माणसं. मुलगी घाट चढून वर द्यायची म्हटली तरी घरात आठवडाभर चर्चा चालते. हे तर घाटाच्या कितीतरी पलीकडचं. मी म्हटलं, "आधी घर बघतो, मग बोलतो."

"बघा," ती म्हणाली. "पण बघायला आलोय असं दाखवू नका. त्यांना दडपण येईल. माझं एक काम आहे, त्या निमित्तानं जा."

काम असं होतं. विलासच्या रानात पाऊस संपता संपता एक मोठा काळा किडा पळताना दिसतो. त्याच्या पाठीवर सहा पांढरे ठिपके असतात. तोही न उडणारा, म्हणजे नीलूच्या अमेरिकन किड्याचा लांबचा चुलतभाऊ. तिला त्याचं डोकं आणि पाय कसे आहेत ते तिकडच्याशी ताडून पाहायचं होतं. मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. तेव्हा मी तो पकडायचा, बघून त्याचं चित्र काढायचं आणि सोडून द्यायचा.

"आणि बाबा," शेवटी ती म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात तर मी थांबेन. पण मला रविवारी फोनवर सांगा. त्याआधी तिथे कुणाला काही बोलू नका."

मी शब्द दिला. खरं सांगतो, तेव्हा माझं मन नाहीच्या बाजूला झुकलेलं होतं.

डबे घेऊन

किडा पकडायची तिची पद्धत सोपी होती. गुळगुळीत कडेचे डबे जमिनीत तोंडापर्यंत पुरायचे, म्हणजे डब्याची कड मातीला अगदी समतल झाली पाहिजे. आत गुळाचा खडा टाकायचा. गुळाला मुंगळे येतात, मुंगळे खायला हा येतो, आणि घसरून आत पडला की गुळगुळीत भिंत त्याला चढता येत नाही. डबे कुठले घ्यावेत या प्रश्नाला मराठी घरात एकच उत्तर असतं. आमच्या हिनं माळ्यावरून श्रीखंडाचे प्लॅस्टिकचे डबे काढले. गेल्या कित्येक दसऱ्यांचे ते साठले होते. झाकणं वेगळी बांधून दिली. देताना म्हणाली, "तू किडे बघ, पण स्वयंपाकघरात पण एक चक्कर मार." हिचे गुडघे दुखत होते म्हणून ही येणार नव्हती. शिवाय तिचं म्हणणं असं की ज्याला काहीच आवडत नाही असा माणूस पाठवलेला बरा. त्याला आवडलं तर कुणालाही आवडेल.

दसरा होऊन गेला होता. जालन्यापर्यंतच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही, मी बहुतेक झोपलो होतो. जालन्याच्या एसटी स्टँडवर मोसंबीचा रस प्यायलो आणि चाट पडलो. आमच्याकडे मोसंबी म्हणजे आजारी माणसाला भेटायला जाताना नेतात ते फळ, सालपटासारखं कोरडं. इथे ती गाडीवर ढीग घालून पडलेली, आणि रस असा की मी आणखी एक ग्लास मागितला.

हसनाबादच्या गाडीत शेजारी एक गृहस्थ बसले. मांडीवर बियाण्याची पिशवी. आमच्या कोकणात शेजारच्या प्रवाशाशी बोलायचं म्हणजे आधी खोकून घ्यावं लागतं. यांनी राजूर येईपर्यंत माझं गाव, मुलंबाळं, पेन्शन आणि पित्ताचा त्रास सगळं काढून घेतलं. मग माझ्या पिशवीकडे बोट करून विचारलं, "डब्यायत काय?"

"काही नाही. रिकामे आहेत."

"पाव्हणं म्हणून चालले आन् रिकामे डबे घेऊन चालले?" त्यांना ते खरोखरच लागलं. त्यांनी आपल्या धोतराच्या सोग्यातून दोन पिकलेली सीताफळं काढली आणि मी नको नको म्हणत असताना एका डब्यात घातली. "कुनाच्या दारात रिकामा डबा नेऊ न्हाई अन् कुनाच्या दारातून रिकामा आणू न्हाई," असं म्हणून ते उतरून गेले. मी ती सीताफळं खाऊन टाकली आणि त्यांचं बोलणं विसरलो.

खिडकीबाहेर बघत होतो. आमच्याकडे नजर टाकली की दहा पावलांवर झाड, डोंगर नाहीतर शेजाऱ्याचं कुंपण आडवं येतं. इथे नजर जाते ती जातच राहते. काळी जमीन, त्यावर फुटलेला कापूस, मधेच मोसंबीच्या बागेचा गडद हिरवा चौकोन, आणि वर एवढं आभाळ की मला क्षणभर उघड्यावर अंघोळीला बसल्यासारखं वाटलं.

माशाचं कालवण

विलासचे वडील गाडीला घ्यायला आले होते. सगळे त्यांना आबा म्हणतात. उंच, काटकुळे, पांढरी टोपी. त्यांनी माझी पिशवी घेतली आणि घर येईपर्यंत "चालंल ना?" याशिवाय काही बोलले नाहीत. घरात विलासची आई, म्हणजे माई. ठेंगणी, तुरुतुरु चालणारी, डोक्यावरचा पदर सावरत सावरत एका वेळी तीन कामं करणारी बाई. हात-पाय धुवायला गरम पाणी, मग चहा, मग पुन्हा चहा. लग्नाचा विषय कुणी काढला नाही. विलासनं त्यांनाही फोनवर बजावलं होतं की पाव्हण्यांना काही विचारू नका, हे मला नंतर कळलं. त्यामुळे त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी पाऊसपाण्यावर जेवढं बोलता येईल तेवढं बोलून घेतलं.

जेवायला बसलो आणि ताटात मासा आला.

मी ताटाकडे बघत राहिलो. हे घर मासे-मटण न खाणारं. पण कोकणातला माणूस माशाशिवाय जेवत नाही असं आबांनी कुणाकडून तरी ऐकलेलं. म्हणून त्यांनी आपले जुने दोस्त रहीमचाचा यांना सांगून तळ्यातला मासा मागवला होता. रहीमचाचांचं गावात किराणा दुकान आणि त्यातच एसटीडी बूथ. माईंनी जन्मात मासा शिवला नव्हता. तो त्यांनी अंगणात वेगळी चूल मांडून शिजवला, आणि कसा शिजवायचा ते चाचांच्या बायकोनं पलीकडून सांगितलं. मसाला मात्र माईंनी आपला घातला, येसर. म्हणजे धान्य आणि मसाले भाजून दळलेलं पीठ, इथल्या आमटीत घालतात ते. माशाच्या कालवणाला आमटीसारखा दाटपणा आला होता आणि नारळाचा मागमूस नव्हता.

रहीमचाचा दारात उभे राहून माझ्या तोंडाकडे बघत होते. "क्या मास्टरसाब, चलतंय ना? बिलकुल सच बोलो."

मी खरं बोलायला तोंड उघडलं, कारण माझा स्वभावच तसा. पण आत उंबऱ्यापाशी माई नाकाला पदर लावून उभ्या होत्या. तो वास त्यांना सहन होत नव्हता, तरी त्या तिथून हलत नव्हत्या. मी दुसरी वाटी मागितली. आणि गंमत म्हणजे दुसऱ्या वाटीला ते मला खरंच आवडायला लागलं. भाकरी मात्र पहिल्या घासापासून आवडली होती. ज्वारीची, पातळ, कडेला किंचित करपलेली. आमची तांदळाची भाकरी मऊ असते खरी, पण चव म्हणाल तर हिची.

रान

दुसऱ्या दिवशी आबांबरोबर रानात गेलो. वाटेत ते म्हणाले, "आमच्या इकडं सोयरिकीला आधी रान दाखवत्यात, घर मागून," आणि लगेच त्यांनी जीभ चावली. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

मोसंबीच्या बागेच्या कडेनं बांध जातो. त्या बांधाला धरून मी खुरप्यानं खड्डे केले आणि डबे पुरले. काळी माती हाताला लोण्यासारखी लागते, आमच्या जांभ्यासारखे बोटांचे तुकडे करत नाही. प्रत्येक डब्यात गुळाचा खडा टाकला. आबा कमरेवर हात ठेवून बघत होते.

"गूळ कामून?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. मुंगळे, ठिपकेवाला किडा, नीलूचा तिकडचा किडा, गोगलगाय, शंख. उत्साहाच्या भरात वाकून किडा कसा घसरेल तेही हातानं करून दाखवलं. आबा शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बराबर आहे," आणि टोपी काढून डोकं खाजवलं. त्या "बराबर"मध्ये बरंच काही होतं. ते मला त्या वेळी कळलं नाही.

मग आम्ही आंब्याखाली बसलो. माईंनी दिलेले धपाटे आणि दही होतं, वर मोसंबी. खाता खाता आबा एकदम बोलायला लागले. बोलत होते समोरच्या कापसाशी, माझ्याशी नव्हे.

"विलास गेला त्याला लई साल झाले मास्तर. एकदाच आल्ता. आला तवा मातीच्या पुड्या बांधून घेऊन गेला आपल्याच रानाच्या. मी म्हनलं, बापाला न्यायचं सोडून माती काय नेऊन राह्यला? तर हसला."

"आमची तर किड्यामागे गेली," मी म्हटलं.

"तुमाला लेक लांब द्यायची भीती वाटून राह्यली आसंल." त्यांनी विषय काढलाच. आणि मला काही बोलायची संधी न देता पुढे म्हणाले, "आमाला तेबी न्हाई. आमचं लेकरू तर गेलंच. आता त्याच्यामागून कोनी आलं तर आमाला वाढलेलंच हाये."

हा माणूस माझ्यासारखाच रविवारच्या फोनची वाट बघणारा होता. मी चिपळूणहून निघताना मनात या माणसाशी भांडण मांडून निघालो होतो, आणि इथे तो माझ्याच बाजूला बसून मोसंबी सोलत होता. पण मी शब्द दिलेला होता. मी म्हटलं, "मोसंबी छान आहे." त्यांनी आणखी एक सोलून दिली.

परतताना परतीच्या पावसाची एक सर आली. मी पन्नास वर्षं कोकणातल्या पावसात काढली असल्यामुळे ऐटीत म्हटलं, एवढ्याशा पावसाचं काय. आमच्याकडे पाऊस थांबला की घटकाभरात पायवाट कोरडी. इथे चार पावलं टाकली आणि प्रत्येक पायाखाली परातीएवढा चिखल जमला. पाचव्या पावलाला पाय वर आला, चप्पल आली नाही. खाली हात घालून शोधली तर मातीनं ती गिळूनच टाकली होती. आबांनी आपल्या वहाणा काढून मला दिल्या आणि स्वतः अनवाणी चालत आले. मी नाही म्हणत होतो. ते म्हणाले, "ही माती मला वळखती. तुमाला अजून न्हाई."

अंगण

चिखलातून चालून मांड्या भरून आल्या होत्या, त्यामुळे दुसऱ्या दिवशी मला उशिरा जाग आली. तो रविवार होता. बाहेर बायकांचा कलकलाट चालू होता. डोळे चोळत अंगणात आलो आणि पाहिलं तर बाजेवर माझे श्रीखंडाचे डबे ओळीनं पालथे घातलेले. राखेनं घासून धुतलेले, लखलखीत. नवे आणले तेव्हासुद्धा ते इतके चकचकीत नव्हते.

माझं डोकं फिरलं. चिपळूणहून इथवर ज्यासाठी आलो ते सगळं धुऊन वाळत घातलेलं.

"हे कुणी काढले?" मी ओरडलो.

शेजारच्या बायका होत्या, दारात रहीमचाचा हातात पेढ्याचा पुडा घेऊन उभे होते. माई पुढे आल्या.

"म्या काढले. कापूस वेचायला गेल्ते सकाळी, तं दिसले. का, चुकलं का?"

"अहो, ते मी पुरले होते."

"व्हय, यांनी सांगितलं ना. पाव्हण्यानं आपल्या रानाला गूळ दिला म्हनून." माईंचा चेहरा फुलला. "मंग मी म्हनलं, गूळ तं रानाला पोचला, आता डबे कामून मातीत ठेवायचे? चांगले डबे. घासून आणले. आता भरून देते."

मला काही अर्थबोध होईना. तेवढ्यात रहीमचाचांनी येऊन मला कडकडून मिठी मारली. "मुबारक हो समधीजी," असं म्हणाले आणि माझ्या तोंडात पेढा कोंबला.

पेढा तोंडात असताना माणसाला रागावता येत नाही. मी तो चघळत उभा राहिलो आणि हळूहळू माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आबांनी घरी एवढंच सांगितलं होतं की मास्तरांनी बांधाला धरून सगळीकडे गूळ ठेवला. मुंगळे नि किडा ही त्यांच्या मते माझी लाज झाकायची सबब होती. लेक द्यायच्या आधी रान बघायचं हे त्यांना माहीत होतं. कोकणात त्या रानाला गूळही देत असतील. म्हणजे मास्तरांनी न बोलता होकार दिला, असं त्यांनी धरलं. माईंनी ते रात्रीच गल्लीत सांगितलं होतं.

आबा माझ्याकडे बघत होते. माझा चेहरा वाचून त्यांचा उतरला. त्यांनी मला हाताला धरून गोठ्याकडे नेलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "चुकलं व्हय आमचं? मला तं वाटलं... एवढ्या लांबून मानूस किड्यासाठी येतंय व्हय मास्तर? तुमी नुस्तं किड्यासाठीच आल्ते?"

आता त्यांना हो म्हटलं असतं तर गैरसमज तिथल्या तिथे मिटला असता. अंगणातले पेढे परत गेले असते आणि माझा शब्दही पाळला गेला असता. आबांचे पाय अजून कालच्या चिखलानं घोट्यापर्यंत काळे होते.

"नाही आबा," मी म्हटलं. "किड्यासाठी इतक्या लांब कोण येतं. पण संध्याकाळी फोन होईपर्यंत मला काही विचारू नका."

ते हसले. मी आल्यापासून त्यांना हसताना पहिल्यांदा पाहत होतो. समोरचा एक दात नव्हता.

"आणि डब्यांत काही होतं का?" मी परत येऊन माईंना विचारलं. शेवटी काम ते काम.

"मुंगळे व्हते, ते सोडले बांधावर. आन् एक ह्यो." त्यांनी उजव्या हाताचं बोट दाखवलं. त्यावर तपकिरी डाग पडला होता, भाजल्यासारखा. "डबा उचलला तं त्यानं पिचकारी मारली माझ्यावर. लई झोंबलं."

मी ताडकन उभा राहिलो. नीलूनं सांगितलं होतं, तोंड जवळ नेऊ नका, तो आंबट जहाल पाणी उडवतो. "मग? मारलात का त्याला?"

"मारीन कामून? पाव्हण्याच्या डब्यात बसला व्हता, मंग तो बी पाव्हणाच." माईंनी कोपऱ्यात पालथी घातलेली पाटी दाखवली. वर दगड ठेवला होता.

त्यानंतरचे दोन तास माझ्या आयुष्यातल्या फार सुखाच्या तासांपैकी आहेत. माईंनी घासलेला एक डबा दिला, त्यात पाहुण्याला ठेवलं. माझ्या अंगठ्याएवढा, काळाभोर, पाठीवर सहा पांढरे ठिपके कुणी चुन्याच्या बोटानं ठेवावेत तसे. पाय लांब, दौडायला केलेले. पुढे कात्रीसारखा जबडा. डब्यात तो गोल गोल पळत होता आणि दमला की थांबून माझ्याकडे रागानं बघत होता. माझ्याइतकाच तिरसट प्राणी. मी बाजेवर मांडी घालून चित्र काढायला बसलो. भोवती गल्ली जमली. पेन्सिलीनं डोकं काढलं तेव्हा बायका "अय्या माय" म्हणाल्या, पाय काढले तेव्हा रहीमचाचा म्हणाले की आता कागदावरून पळून जाईल. शाळेत मी इतकी वर्षं फळ्यावर चित्रं काढली, पण एवढा शांत वर्ग मला कधी मिळाला नाही. चित्र झाल्यावर आबा आणि मी त्याला रानात नेऊन बांधावर सोडलं. तो एका दमात मोसंबीखालच्या पाल्यात शिरला.

"उडत न्हाई ना ह्यो?" आबांनी विचारलं.

"नाही."

"मंग हितंच ऱ्हाईल," ते म्हणाले आणि बराच वेळ त्या पाल्याकडे बघत उभे राहिले.

फोन

संध्याकाळी रहीमचाचांच्या बूथवर आम्ही सगळे. काचेच्या खोलीत मी एकटा, पण दार कुणी लावू देईना. फोन वाजला.

"बाबा, डब्यांत काय सापडलं?" नीलूनं विचारलं. तिचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. किड्याबद्दल ती विचारत नव्हती, हे मला कळलं.

घरातून निघताना मी बाजेवर बघून आलो होतो. माईंनी दुपारभर बसून डबे भरले होते. मी सांगायला लागलो. "एकात जवसाची चटणी. एकात कारळ्याची. एकात येसर. एकात शेवया, एकात कुरडया. एकात तूप. दोन डब्यांत तीळगूळ का काय ते, मी अजून उघडून बघितलं नाही..."

मग ती म्हणाली, "बाबा, हे काय चाललंय?"

"इथे रिकामा डबा परत देत नाहीत म्हणे. आता हे मला भरून परत करावे लागणार, मग ते पुन्हा भरून पाठवणार. हे काही आपल्या हयातीत संपायचं नाही. तेव्हा तुम्ही लग्न करून टाका, म्हणजे ने-आण करायला कारण राहील."

नीलू रडायला लागली, आणि पलीकडून कुणीतरी पुरुष काय झालं, काय झालं विचारत होता. तो विलास. त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मी रिसीव्हर दाराबाहेर आबांच्या हातात दिला.

"ठिपकेवाला सापडला," आबा फोनमध्ये मोठ्यानं म्हणाले. एवढंच. मग त्यांनी रिसीव्हर माईंना दिला.

परत

चिपळूणला आल्यावर आमच्या हिनं डबे एकेक करून उघडले, वास घेतला, चाखलं. येसर कसं करतात ते विचारून घेतलंस का म्हणाली. नाही म्हटल्यावर अर्थातच माझा उद्धार झाला. मग म्हणाली, "एक झाकण जास्त आहे. डबा कुठे आहे?"

मी पिशवी पालथी केली. डबा नव्हता. हिशोबी बाई ती, रात्रभर तिला तो डबा आठवत होता. मी म्हटलं चिखलात गेला असेल, चपलेबरोबर.

डब्याचा पत्ता लागला तो पुढच्या वर्षी पाऊस संपता संपता, एका रविवारी. लग्न होऊन नीलू-विलास परत तिकडे गेले होते. आमच्या डब्यांमधून आमसुलं, काजू आणि सोलकढीचं आगळ हसनाबादला जाऊन आलं होतं, तिकडून पुन्हा भरून आले होते. नीलू फोनवर म्हणाली की आबा हल्ली दर रविवारी रहीमचाचांच्या बूथवर येऊन बसतात, तिचा फोन यायची वाट बघत. विलासशी दोन वाक्यं बोलतात आणि म्हणतात, सूनबाईला दे.

"तुझ्याशी काय बोलतात?" मी विचारलं. मला जरा लागलं होतं, खोटं कशाला बोलू. माझ्याशी ती तेवढा वेळ बोलत नाही.

"त्यांनी एक डबा ठेवून घेतलाय बाबा. बांधावर पुरलाय, त्याच जागी. रोज सकाळी गुळाचा खडा टाकतात आणि रविवारी मला सांगतात."

"काय सांगतात?"

ती त्यांची नक्कल करून म्हणाली, "आल्ता, सूनबाई. आजबी आल्ता. बघितला अन् सोडला."